दहा झाकणं

पत्रक माझंच होतं. मजकूर माझा, मथळा माझा, झेरॉक्स काढायलाही मीच गेलेले. ‘ज्यांचे नळ दिवसाआड कोरडे, त्यांना कोरडा दिवस पाळायला कोण सांगतं?’ मथळा अजून पाठ आहे. अजूनही तो मला खोटा वाटत नाही. हीच पंचाईत आहे.

डोंबिवली पूर्वेला आमची तीन मजली इमारत. पाण्याच्या लाइनच्या शेपटाला, त्यामुळे नळ दिवसाआड तासभर, तोही करंगळीएवढा. म्हणून प्रत्येक दारासमोर, सामाईक गॅलरीत, एक निळं प्लॅस्टिकचं पिंप. आमच्या मजल्यावर सहा दारं, सहा पिंपं. आईचा एक नियम होता, आणि तो अख्ख्या मजल्याचा होता: तळाचं चार बोटं पाणी कधी उपसायचं नाही. न जाणो, उद्या नळ आला नाही तर? मग जुन्यावरच नवं भरायचं. वर्षानुवर्षं. आमच्या पिंपाचा तळ मी कधी पाहिलाच नव्हता.

पाऊस ओसरला की आरोग्य खात्याची बाई यायची. हातात टॉर्च, खांद्याला पिशवी. पिंपात डोकवायची, दाराच्या चौकटीवर खडूने तारीख लिहायची आणि तेच ते सांगायची: आठवड्यातून एक दिवस पिंप रिकामं करा, घासा, वाळवा, कोरडा दिवस पाळा, डेंग्यूचा डास साठवलेल्या स्वच्छ पाण्यातच वाढतो. त्या वर्षी तिला आमच्या पिंपात अळ्या दिसल्या. तिने आईच्या हातात नोटीस ठेवली.

मी बाहेर आले ती भांडायच्याच तयारीने. “पाणी देत नाही ते तुम्ही आणि नोटीस आम्हाला?”

“मॅडम, मी पाणीवाली नाही, मी डासवाली,” ती म्हणाली. “मला बघायला सांगतात, मी बघते.”

“मग सांगणाऱ्यांना पाठवा वर.”

“ते तिसऱ्या मजल्यापर्यंत चढत नाहीत.” ती हसली. मग पिंपाकडे टॉर्चचा झोत टाकून म्हणाली, “पण डास चढतो.”

मला ते उद्धट वाटलं. आठवड्याभरात मी मोर्चा काढला.

कल्पना भारी होती, हे मीच म्हणते. पिंपांची झाकणं घ्यायची, प्रत्येकावर एकेक अक्षर रंगवायचं आणि वॉर्ड ऑफिससमोर ती बडवायची. ‘आधी पाणी मग तपासणी.’ दहा अक्षरं, दहा झाकणं. सहा आमच्या मजल्यावरची, चार दुसऱ्या मजल्याची. बायकांनी अशी काही बडवली की आतला साहेब कानात बोटं घालून बाहेर आला आणि म्हणाला, बघतो. त्यानंतर मी प्रत्येक दारावर हेच वाक्य छापलेले स्टिकर चिकटवले. टॉर्चवाली आली की स्टिकरकडे बोट दाखवायचं, पिंपाला हात लावू द्यायचा नाही. दोनदा ती आली, दोनदा परत गेली. चौकटीवरची खडूची तारीख जुनी होत गेली.

झाकणं मी आमच्या माळ्यावर रचून ठेवली. पुढच्या मोर्चाला लागतील म्हणून.

“अगं, माझं झाकण दे,” आई म्हणायची.

“राहू दे गं. ओढणी बांध तोपर्यंत.”

तिने बांधली. तांब्या बुडवायला रोज दहादा सोडली, दहादा बांधली. मग एका बाजूने सुटलेलीच राहिली. बाकीच्यांचंही तेच.

त्याच सुमारास शेजारची ताई बाळंतपणाला माहेरी आली. सातवा सरलेला. तिचं सासर चिपळूणचं, पण आमच्या दोन घरांत एकच भिंत, लहानपणी आम्ही त्या भिंतीवर टकटक करून बोलायचो. घरात उकडायचं म्हणून ती दुपारभर गॅलरीत पाटावर पाय पसरून बसायची, आमच्या आणि तिच्या पिंपाच्या मध्ये. मी स्टिकर घेऊन निघाले की सुरू व्हायची.

“आली बघा आमची पुढारीण. ए, माझ्या पोटावर पण लाव एक. आधी पाणी, मग तपासणी.”

“तुझ्या पोरीला पहिल्या मोर्चाला मीच नेणार.”

“पोरगीच कशावरून?”

“पोरगा असला तर झाकणं उचलायला नेईन.”

मग मला ताप आला. तीन दिवस. हाडं मोडल्यासारखी दुखत होती, हातांवर लालसर पुरळ. आई म्हणाली रक्त तपास. मी म्हटलं, मला काय होतंय? गोळी घेतली आणि वारा लागतो म्हणून गॅलरीत ताईशेजारी चटई टाकून पडून राहिले. दुपारचे डास चावत होते. ती आपल्या पदराने माझ्या पायावरचे उडवायची. चौथ्या दिवशी मी उठले आणि मागच्या इमारतीत पत्रकं वाटायला गेले. तरुण शरीर, बारका ताप, विषय संपला.

माझ्यासाठी संपला.

दोन आठवड्यांनी ताईला ताप भरला. पहिल्या दिवशी काकूंना, म्हणजे तिच्या आईला, वाटलं हवा बदलली. तिसऱ्या दिवशी तिच्या हिरड्यांतून रक्त आलं. कल्याणच्या हॉस्पिटलात नेलं. डेंग्यू. प्लेटलेट्स घसरत होत्या आणि डॉक्टर आईबद्दल वेगळं आणि बाळाबद्दल वेगळं बोलायला लागले होते. काकू त्यांच्या तोंडाकडे बघत होत्या आणि मी काकूंच्या. तिचा माझा रक्तगट एक. मी म्हटलं, माझ्या घ्या. त्यांनी ठाण्याच्या एका रक्तपेढीत पाठवलं. मी एसटीने खोपटला उतरले आणि जवळजवळ पळतच गेले. पळताना बरं वाटत होतं, खोटं कशाला सांगू. करण्यासारखं काहीतरी हातात होतं.

तिथे एक फॉर्म भरून घेतात. तिथला डॉक्टर माझ्यापेक्षा चारपाच वर्षांनीच मोठा असेल. त्याने फॉर्मवर पेन टेकवलं.

“गेल्या महिन्यात ताप?”

“आलेला. बारका होता.”

“किती दिवस?”

“तीन. अंग दुखलं, जरा पुरळ उठलं. लगेच बरी झाले.”

“रक्त तपासलं?”

“नाही.”

त्याने पेन खाली ठेवलं. “पेशंट कोण तुमची?”

“शेजारीण. भिंतीला भिंत.”

तो म्हणाला, “तुमच्या प्लेटलेट्स आत्ता नाही घेता येणार. आम्ही दुसरीकडे बघतो.” आणि फॉर्म बाजूला सरकवता सरकवता, अगदी साध्या आवाजात, “ताप बारका तुम्हाला होता.”

बाहेर बाकावर बसले. मला ओरडायचं होतं, पण कोणावर? रोज पत्रकात मी ‘जबाबदार कोण?’ असं विचारते आणि खाली उत्तर लिहिते. इथे मला सरळ ओळ दिसत होती. आमच्या पिंपातला डास मला चावला. मला चावून तोच, किंवा त्याच्याबरोबरचा, दोन हात पलीकडे पाटावर बसलेल्या बाईला चावला. आणि त्या पिंपाचं झाकण माझ्या माळ्यावर होतं, लाल ऑइलपेंटमध्ये ‘धी’ लिहिलेलं. मला काय होतंय, असं मी म्हटलेलं. खरंच होतं ते. मला काहीच होत नव्हतं. मी फक्त मधे होते.

मी आईला फोन लावला. “पिंप ओत. सगळं. तळासकट. सहाही ओतायला सांग.”

“आज पाणी नाहीये गं.”

“तरी ओत.”

“आपलं ओतते मी. बाकीच्यांना कुठल्या तोंडाने सांगू? उद्या नळ नाही आला तर पोराबाळांना काय पाजतील?”

तिचंही चुकत नव्हतं. माझ्या पत्रकातलंच वाक्य होतं ते.

प्लेटलेट्स दुसऱ्या कोणाच्या तरी मिळाल्या. ताई वाचली. बाळ राहिलं नाही. पोरगीच होती.

ताई घरी आली तेव्हा मी झाकणं खाली काढून ज्याची त्याला दिलेली होती. ती गॅलरीत बसायला आली नाही. भिंतीवर मी एकदा टकटक केली. पलीकडून काही आलं नाही. चिपळूणला परत निघाली त्या दिवशी ती आमच्या पिंपापाशी थांबली, झाकण उचललं, आत बघितलं, पुन्हा ठेवलं. माझ्याकडे न बघता म्हणाली, “तुलाही ताप आलेला ना गं तेव्हा?”

“हो.”

“मीच तुझे डास उडवत होते,” ती म्हणाली आणि काकूंचा हात धरून जिना उतरली.

या वर्षी टॉर्चवाली पुन्हा आली. मी तिच्यासोबत फिरले. तिसऱ्या मजल्याने पिंपं उघडून दाखवली. दुसऱ्यावर दोन घरांनी नाही दाखवली. तळमजल्यावरच्या काकांनी तर स्टिकरवर टिचकी मारून दाखवली. मी त्या वेळी चांगला गोंद वापरलेला, अजून एक कोपरासुद्धा निघालेला नाही.

“तूच सांगितलंस ना? आधी पाणी, मग तपासणी. पाणी आलं का?”

“नाही आलं, काका. पण झाकण कुठेय तुमचं?”

“झाकण फुटलं. आणि आम्हाला कुठे काय झालंय? इतकी वर्षं राहतोय, साधं सर्दीपडसं नाही. ज्यांना होतं त्यांनी काळजी घ्यावी.”

“काका, होतं ते—”

“भाषण नको. तुझं पत्रक आहे माझ्याकडे जपून ठेवलेलं. आणू?”

त्यांच्यामागे, घराच्या आत, त्यांची सून ओट्यापाशी उभी होती. एक हात कमरेवर, दुसरा पोटावर. पाचवा असेल, सहावा.

मी टॉर्चवालीच्या हातून टॉर्च घेतला आणि दाराबाहेरच्या उघड्या पिंपात झोत टाकला. पाणी स्वच्छ होतं, अगदी तळापर्यंत. आणि वळवळत होतं.