रोशनीचं उत्तर

दुपारी केंद्रात सहसा कुणी येत नाही. ग्रंथालयामागची ही छोटी खोली, दोन खुर्च्या, एक टेबल, दारावर 'बोलूया' अशी पाटी. विद्यापीठातलीच मुलंमुली इथे आळीपाळीने बसतात. कुणाचं मन भरून आलेलं असेल तर ऐकून घेतात, गरज वाटली तर समुपदेशक मॅडमकडे घेऊन जातात. आज पाळी हर्षालीची आहे. ही शेवटचीच, असं तिने सकाळी मॅडमना सांगून टाकलंय. ती टेबलावर डोकं टेकवते. पंख्याची घरघर हळूहळू लांब जाते.

समोरच्या खुर्चीत रोशनी बसलेली आहे.

होस्टेलच्या खोलीत हर्षालीसोबत राहणारी, धडगावकडची रोशनी. उन्हाळ्यात तिने जीव दिला. आत्ता ओले केस पाठीवर सोडून बसलीये, नुकतीच न्हाऊन आल्यासारखी. हर्षालीला त्याचं नवल वाटत नाही.

"जेवलीस?" ती विचारते.

"मेसमध्ये आज पुन्हा दोडका," रोशनी तोंड वाकडं करते.

आता दोघी मेसमध्येच आहेत. ताटं मांडलेली, माणूस एकही नाही. बाकांखालून पाणी वाहतंय, नदीचं असतं तसं गार. त्या पाण्यात पाय सोडून बसतात.

"मी तुला विचारलं होतं," हर्षाली म्हणते. "प्रशिक्षणात शिकवलं तसं, आडपडदा न ठेवता. जीव द्यावासा वाटतो का म्हणून."

"विचारलं होतंस."

"तू हसलीस. म्हणालीस, काहीतरीच काय."

"खोटं बोलले."

"का गं?"

रोशनी पाण्यात पाय हलवत राहते. "दुसऱ्या दिवशी तुझा पेपर होता."

हर्षाली म्हणते, "पेपर पुन्हा देता आला असता."

"हो. पण तेव्हा सुचलं नाही. तेव्हा काहीच सुचत नव्हतं."

पाणी ओसरतं. खाली एसटी स्टँडची फरशी आहे. धडगावची गाडी लागलीये, रोशनी खिडकीत बसलीये आणि हर्षाली खाली उभी आहे.

"माझ्या आईला फोन करतेस?"

"करते. ती बोलत नाही. मलाही सुचत नाही. दोघी नुसत्या फोन धरून बसतो."

"करत जा," रोशनी म्हणते. गाडी हलते. ती खिडकीतून हात काढून हर्षालीचं मनगट पकडते, घट्ट. हर्षाली गाडीबरोबर चालू लागते, मग धावते.

"उतर ना गं," ती म्हणते. "रोशनी, उतर."

रोशनीचे ओठ हलतात, पण गाडीच्या आवाजात काही ऐकू येत नाही.

"ताई, आत येऊ?"

पंखा फिरतोय. दारात एक मुलगी उभी आहे, पहिल्या वर्षाची असावी. हर्षाली तोंडावरून हात फिरवते. गाल ओले आहेत.

"ये. बस."

मुलगी खुर्चीच्या कडेवर टेकते. "तसं काही नाही. सहजच आले," म्हणते आणि थोडंसं हसते. मग तिची नजर खाली जाते. हर्षालीच्या मनगटावर नखांच्या चार खुणा उमटल्यात, ताज्या, लालभडक.

"ताई, हे काय झालं?"

हर्षाली बाही खाली ओढत नाही.

"मैत्रिणीने हात धरला होता," ती म्हणते.