गावाची बंदूक आणि हिराजीचा डबा

बातमी आली तेव्हा मी शेजारच्या गणपतीच्या कारखान्यात पेपर वाचत बसलो होतो. पेणमध्ये निवृत्त माणसाला याच्याइतकी चांगली जागा नाही. मातीचा गारवा असतो, चहा येतो आणि कोणी ऊठ म्हणत नाही. बायको दारात येऊन उभी राहिली, हातातला फोन तसाच चालू. म्हणाली, "आमच्या हिराजीला छर्रा लागलाय." मी तिच्यावरच खेकसलो, "छर्‍याने काय होतंय? पट्टी बांधा म्हणावं." सगळी उमर पोलीस खात्यात गेली, हवालदार म्हणून निवृत्त झालो, पण समोरच्याचं ऐकून घ्यायच्या आधी शहाणपण पाजळायची खोड काही गेली नाही. "गळ्याला लागलाय हो..." ती म्हणाली. रोह्याची गाडी मिळाली. नागोठणं सोडलं आणि दुसरा फोन आला. टेम्पोतून दवाखान्यात नेताना वाटेतच हिराजी गेला होता.

हिराजी माझ्या बायकोचा धाकटा भाऊ. रोह्याच्या अलीकडे, डोंगराच्या पायथ्याशी त्यांची वाडी. पावसाळ्यात भात, आणि भात निघालं की त्याच ओलीवर वाल. लग्नानंतर पहिल्यांदा सासुरवाडीला गेलो तेव्हा त्याने मला हौसेने आपला डबा दाखवला होता. शेताच्या मधोमध खांबाला तेलाचा रिकामा डबा टांगलेला, आत लाकडाचा ठोकळा, आणि त्याची दोरी थेट घराच्या ओटीपर्यंत. वालावर वानरं उतरली की ओटीवर बसल्या बसल्या दोरी ओढायची. आळशी माणसाची राखण, असं मी हसून म्हणालो. तो म्हणाला, "भावजी, वानर पलतो आन् माझा चा पन थंड व्हत नाय." त्याचं बोलणं असंच होतं, हळू, पण उत्तर ठेवून दिलेलं. दरवर्षी पोपटीच्या, म्हणजे मडक्यात वालाच्या शेंगा भाजायच्या दिवसांत शेंगांची पिशवी घेऊन पेणला यायचा, वर मडक्यात घालायला भांबुर्ड्याचा पालाही आणायचा, कारण शहरातल्या माणसाला पाला ओळखता येतो यावर त्याचा विश्वास नव्हता. मडकं लावताना मला हात लावू द्यायचा नाही. माझं पोट त्याच्या हातच्या शेंगांना चटावलं होतं, आणि हे मी त्याला एकदाही सांगितलं नाही.

पुढे वानरं फार झाली. डब्याला भीक घालेनात. तेव्हा वाडीने मिळून छर्‍याची बंदूक आणली. ती देवळाच्या ओसरीत खुंटीला टांगलेली असायची. ज्या घरची राखणीची पाळी त्याने ती सकाळी उचलायची आणि संध्याकाळी परत टांगायची. वानर मारायचं नाही, नुसतं घाबरवायचं, असं ठरलेलं. हिराजीने मात्र आपली पाळी कधी घेतली नाही. लोकांनी त्याला येडा ठरवला.

मी निवृत्त व्हायच्या दोन हंगाम आधी तो एका दुपारी माझ्या ठाण्यात येऊन उभा राहिला. एका हातात गोणपाटात गुंडाळलेली बंदूक, दुसर्‍या हातात डबा. डब्याला छर्‍याने आरपार भोक पडलं होतं. त्यावर करंगळी ठेवून दाखवत म्हणाला, "भावजी, हिला लायसन पायजे. लायसन आला का नाव येतं. नाव आला का मानूस जपून धरतो. आता कोनाची बंदूक इचारलात तर गावाची. उद्या कोनाला लागली तर मारनारा पन गावच का?"

मी खुर्चीत रेलून त्याला कायदा शिकवला. म्हटलं, या हवेच्या बंदुकीला लायसन लागत नाही, आणि लागलं तरी काय मोठा उजेड पडणार आहे? लायसनवाले वरातीत आभाळात गोळ्या उडवतात. आहेत ते कायदे थोडे आहेत का? वानराला इजा करायला बंदी आहे, दुसर्‍याच्या जिवाला धोका होईल असं वागणं गुन्हा आहे. नवीन काही नको, आहेत तेच राबवले पाहिजेत.

तो शांतपणे म्हणाला, "मंग राबवा की. तुमी हाव ना."

मग मी हद्द काढली. तुझं गाव माझ्या हद्दीत येत नाही म्हणालो. खोटं नव्हतं ते. पण तिथल्या ठाण्यात एक फोन करायला हद्द आड येत नव्हती. आड येत होती ती सासुरवाडी. जावयाने गावावर केस घातली असं उद्या कोणी म्हणालं तर? वर्षातून दोनदा तिथे जाऊन पाटावर बसायचं होतं मला, मान घ्यायचा होता. मीच बंदूक पुन्हा गोणपाटात गुंडाळली आणि त्याच्या हातात दिली. "होती तिथे टांग जा. आणि घरची भांडणं ठाण्यात आणत जाऊ नकोस." त्याने चहा अर्धा टाकला. डबा उचलला आणि गेला...

त्यानंतर काही ऐकू आलं नाही. मी समजलो, मिटलं.

परवाच्या पौषात डब्याची दोरी कुठेतरी अडकली, म्हणून तो ती सोडवायला शेतात उतरला. खांबाखाली वाकून बसलेला, वालाच्या वेलांत दिसत नव्हता. खांबावर वानर बसलं होतं. त्या दिवशी पाळी होती त्याच्या चुलतभावाची, सुदामची. नेम वानरावर होता. सुदाम वाईट माणूस नाही, हे मला लिहायलाच हवं. त्यानेच हिराजीला पाठीवर घेऊन रस्ता गाठला. बंदूक जप्त झाली. तपासाला आलेला अधिकारी कधीकाळी माझ्या हाताखाली शिकलेला. त्याने अदबीने विचारलं, "काका, या बंदुकीबद्दल आधी कधी तक्रार वगैरे?" मी म्हणालो, "नाही." काही विचार करावा लागला नाही, तोंडातून सरळ निघून गेलं.

तेराव्याला पानं उठल्यावर हिराजीची बायको, शेवंता वहिनी, माझ्यापाशी येऊन बसली. म्हणाली, "भावजी, तुमी तवा दम दिलाव म्हनून दोन वर्सं तरी सुखाची गेली."

"कसला दम?"

तेव्हा मला कळलं. त्या दुपारी हिराजी परत गेला, बंदूक खुंटीला टांगली आणि देवळासमोर माणसं जमवून म्हणाला, भावजींनी निरोप दिलाय. डोंगराकडे तोंड करूनच उडवायची. शेताच्या, घराच्या बाजूला नळी फिरली तर अख्ख्या वाडीला आत घालीन म्हणालेत. लोकांनी ऐकलं. दोन हंगाम एकाचीही नळी फिरली नाही. "मंग तुमी रिटायर झालाव," वहिनी म्हणाली, "मंग कोन ऐकतंय?"

खोटं बोलणं ज्याला कधी जमलं नाही, तो माझी लाज राखायला गावभर खोटं बोलला होता. परवाना हवा की आहे तो कायदा राबवायला हवा, यावर मी आजही तासभर भांडू शकतो, आणि पूर्वीसारखं एका बाजूने नाही. नाव हवं, हे त्याचं म्हणणं खरंच होतं. बंदूक गावाची, आणि सुदाम अजून विचारतो, त्या दिवशी माझी पाळी नसती तर? पण माझं म्हणणंही खरं निघालं. ते त्याने माझ्या नावावर, मी काही न करता, दोन वर्षं खरं करून दाखवलं. नुसता खोटा निरोप एवढं करू शकत होता. खरा फोन केला असता तर... हे वाक्य मला पुरं करवत नाही. मी भेकडासारखा वागलो. दुसर्‍या दिवशी त्या अधिकार्‍याकडे जाऊन जबाब बदलला. तो म्हणाला, "राहू द्या काका, याने केसला काही फरक पडत नाही." म्हटलं, लिही.

गेल्या आठवड्यात पुन्हा वाडीवर गेलो होतो. वाल अजून उभा आहे. ओटीवरच्या खांबाला दोरी तशीच बांधलेली, आणि जिथे त्याची मूठ बसायची तिथे ती काळी, गुळगुळीत झालेली. वहिनी आत भाकर्‍या थापत होती. आतूनच म्हणाली, "भावजी, वानरं उतरली वाटतं. जरा वढा." मी त्याच जागेवर धरून दोरी ओढली. भोक पडलेला डबा खडखडला, वानरं बांधावरून पांगली. पलीकडच्या शेतात जामिनावर सुटून आलेला सुदाम दचकून उभा राहिला आणि ओटीकडे बघत राहिला, कोण ओढतंय म्हणून. वहिनी आतून म्हणाली, "पुरे, भावजी, गेली ती." तरी मी ओढत होतो.