हुडकी म्हणजे सुरय

वहीत चूक दिसली की माझा हात आपोआप लाल पेनाकडे जायचा. उभी नोकरी मुकुंदवाडीतल्या एका शाळेत विज्ञान शिकवण्यात गेली आणि ही खोड अंगात मुरली. रविवारीसुद्धा ती माझ्याबरोबर मोटरसायकलवर बसून पैठणला यायची. गळ्यात दुर्बीण अडकवून मी धरणाच्या काठाकाठानं पक्षी बघत हिंडायचो.

समुद्र आमच्यापासून कुठल्या कुठं, पण समुद्रावरची पाखरं हिवाळ्यात या पाण्यावर येतात. सुरुवातीला मला सगळी सारखीच दिसायची, पांढरी आणि राखाडी. कुरव कोणता, सुरय कोणता, यात सगळी सकाळ जायची. यातून मला सोडवलं ते काठावर मेंढ्या राखणाऱ्या एका म्हाताऱ्या बाबांनी.

"मास्तर, ही हुडकी," ते काठीनं दाखवत म्हणाले. "दुसरं पाखरू म्होरं बघत उडतं. ही सारखी खाली बघती. आमची माय म्हणायची, गाव पाण्यात गेलं तवा हिचं कायतरी खाली राह्यलं. तेच हुडकती."

खूण अगदी पक्की होती. सुरय खरंच चोच खाली रोखून उडतो, कुरव समोर धरून. त्या दिवसानंतर माझी कधी गफलत झाली नाही.

बाबांचं जुनं गाव धरणात गेलं. पाण्याबरोबर जी नवी पाखरं आली, त्यांना नावं नव्हती. ती त्यांच्या मायनं ठेवली, काठावर बसून, एकेकाची चाल बघून. बाबांना सगळी पाठ होती. दर रविवारी एखादं सांगायचे.

आणि मी काय केलं? दुरुस्त्या केल्या. "हुडकी-बिडकी काही नाही, बाबा. सुरय म्हणायचं. पुस्तकात तसंच आहे." ते मान डोलवायचे, "व्हय, तसं म्हणू." मी एवढ्यावर थांबलो नाही. चित्रांखाली ठळक अक्षरांत नावं लिहिलेला तक्ता केला आणि त्यांच्या घरी नेऊन दिला. त्यांना वाचता येत नव्हतं. सून रोज वाचून दाखवायची. दर रविवारी मी त्यांची तोंडी परीक्षा घ्यायचो. हुडकीचा किस्सा मात्र शिक्षकांच्या खोलीत हसत हसत सांगितला, म्हणून तेवढं एक नाव माझ्या डोक्यात राहिलं. बाकीची वहीत उतरवली ती दुरुस्त करूनच.

निवृत्त झाल्यावर एकदा पुस्तक चाळताना पाणचिरा समोर आला. मी तो कधी पाहिलेला नाही. चोचीचा खालचा भाग पाण्यात धरून उडतो, पाणी चिरत जातो. ते नाव मी पुन्हा पुन्हा वाचलं. हे नाव ठेवणारंही कुणीतरी काठावरच बसलं असणार की! त्याच्या शेजारी माझ्यासारखा मास्तर नव्हता, एवढंच.

या हिवाळ्यात कोरी वही घेऊन गेलो. आधी दोनदा चुकामूक झाली, बाबा पाचोडच्या बाजाराला गेले होते. तिसऱ्यांदा भेटले. खूप थकलेत, मेंढ्या आता मुलगा राखतो. तक्ता भिंतीवर होता, पार पिवळा पडलेला. आम्ही काठावर जाऊन बसलो.

"बाबा, तो कानापाशी काळा ठिपका असलेला. त्याला तुमची माय काय म्हणायची?"

"कुरव," बाबा म्हणाले.

"ते माझं झालं. मायचं सांगा."

बाबांचे ओठ हलले, पण नाव आलं नाही. मी एकेक पाखरू दाखवत गेलो, ते माझ्याच तक्त्यातली नावं सांगत गेले. शेवटी मीच विचारलं, "हुडकी आठवते?"

"ती चूक हुती मास्तर, सुरय म्हणत्यात," ते समजावून सांगावं तसं म्हणाले. घरी विचारलं. सुनेला, मुलाला, कुणालाच जुनी नावं ठाऊक नव्हती. नातवंडांनाही बाबांनी तक्त्यातलीच शिकवली होती.

वही तशीच पिशवीत टाकली. आता जगात असं कुणी नाही ज्याला विचारावं, आणि हे माझ्या हातून झालंय.

निघताना बाबा दारापर्यंत आले. माझा चेहरा बघून घाबरले असावेत.

"समदी बरोबर सांगितली ना, मास्तर? का काही चुकलं?"

"सगळी बरोबर, बाबा," मी म्हणालो.