शनिवारचा फ्रान्स

जुन्या घराची भिंत खरवडायला घेतली की एका रंगाखाली दुसरा निघतो, दुसऱ्याखाली तिसरा. आमच्या शनिवारच्या ट्रिपांचं तसंच झालंय. कुणीतरी एक किस्सा काढतं, त्याखालून दुसरा निघतो. पूर्वी आम्ही पोट धरून हसायचो. आता काका नाहीत. त्यामुळे दोन-तीन किस्से झाले की कुणीतरी उठून चहा टाकायला जातं.

मी रंगारी. दहावीनंतर शाळा सुटली ती सुटलीच. भूकंपानंतर ख्राइस्टचर्चमध्ये घरं नव्याने उभी राहायला लागली, तेव्हा कामासाठी इथे आलो. मिलिंददादाच्या घराच्या मागच्या खोलीत भाड्याने राहायचो. दादा आयटीत. सुधाकरकाका आणि नलिनीकाकू म्हणजे त्याचे आईवडील, कायमचे राहायला आलेले.

काका पुण्याच्या एका कारखान्यात मशीन सांभाळायचे. मशीन फ्रान्सहून आलेलं, माहितीची पुस्तकंही फ्रेंचमध्ये. काका संध्याकाळच्या क्लासला जाऊन ती भाषा शिकले. पण कंपनीतून फ्रान्सला जायची वेळ आली की दरवेळी कुणीतरी साहेबच जायचा. रिटायर झाल्यावर काकांनी स्वतःची तिकिटं काढली, आणि त्याच महिन्यात दोन्ही किडन्यांनी राजीनामा दिला! सोमवार, बुधवार, शुक्रवार डायलिसिस. फ्रान्स संपला.

"आयुष्यभर मी मशीन सांभाळलं," काका म्हणायचे, "आता मशीन मला सांभाळतंय."

त्यांच्या मनात एकच गोष्ट सलत होती. चाळीस वर्षं फ्रेंच वाचलं, आरशासमोर बोललं, पण खऱ्या फ्रेंच माणसाशी कधी गाठच पडली नाही. एकदा मला म्हणाले, "अरे नितीन, मला फ्रेंच येतं की मी नुसते आवाज काढतो, हे मरायच्या आधी कळायला हवं."

मग मीच आकारोआचं नाव काढलं. दीड तासावर, डोंगरापलीकडे, समुद्राकाठी. दीड-पावणेदोनशे वर्षांपूर्वी फ्रेंच लोकांनी वसवलेलं गाव. मी तिथे एका घराच्या खिडक्या रंगवल्या होत्या. रस्त्यांच्या नावाआधी अजून 'रू', म्हणजे फ्रेंचमध्ये रस्ता, लावतात, दुकानांवर फ्रान्सचे झेंडे. काका खुर्चीतून उठूनच उभे राहिले. दादाला शनिवारी ऑन-कॉल असायचं, म्हणून त्याची सात सीटची गाडी मी चालवायची असं ठरलं.

*

पहिल्या शनिवारी काकांनी कोट घातला. उन्हाळ्यात! बेकरीत शिरले, पाठ ताठ केली आणि काउंटरवरच्या बाईंना असं काही लांबलचक फ्रेंच वाक्य ऐकवलं, की मागची रांग गप्प झाली.

बाई म्हणाल्या, "सॉरी लव्ह, आय अॅम फ्रॉम टिमारू."

काकांना वाटलं, हळू बोलायला हवं. त्यांनी तेच वाक्य पुन्हा सावकाश म्हटलं. बाईंनी आतून नवऱ्याला बोलावलं. नवराही टिमारूचाच! टिमारू म्हणजे इथलंच, दोन-अडीच तासांवरचं गाव.

काकूंनी काकांची बाही ओढली. "अहो, इंग्रजीत मागा. ती घाबरली बिचारी. तिला वाटतंय तुम्ही तक्रार करताय."

काय मागत होतात, असं मी बाहेर आल्यावर विचारलं. "काही नाही रे. पाव ताजा आहे का, एवढंच."

*

आमच्याबरोबर वैशालीताई असायची. सोलापूरची, हॉस्पिटलात नर्स, माझ्यासारखीच दादाकडे भाड्याने राहणारी. काकांना दिवसाला एक लिटरच पाणी चालायचं, आणि त्यात चहा, आमटी, सगळं धरायचं. वैशालीताई पर्समध्ये औषधाचं मापटं ठेवायची.

कॅफेत कॉफी आली की ती मापून अर्धी स्वतःच्या कपात ओतायची. एकदा काकांनी सूप मागवलं. वैशालीताई नुसती बघत राहिली. काकांनी सूप दादाच्या मुलीकडे, इराकडे सरकवलं आणि आइस्क्रीम मागवलं.

"काका, आइस्क्रीम पण पाणीच आहे!"

"मग त्या समोरच्या समुद्राकडे तरी बघू का? की तेही मोजणार आहेस?"

वैशालीताई हसली. मग बाथरूमला म्हणून गेली आणि बराच वेळ आली नाही.

*

आता सगळ्यात गाजलेला किस्सा.

गावामागच्या टेकडीवर झाडांमध्ये एक मोकळी हिरवी जागा आहे. खाली निळं पाणी, वर पाखरं, माणूस एकही नाही. काकू म्हणाल्या, "इथेच बसू." सतरंजी पसरली. मेथीचे ठेपले, दह्याची चटणी, काकांसाठी बिनमिठाची भाकरी. इरा तेव्हा नऊ वर्षांची. ती दगडी चौथऱ्यावर चढून उड्या मारत होती. काकू म्हणाल्या, "किती शांत वाटतं नाही इथे? मन कसं निवांत होतं."

इराला मराठी सगळं कळायचं, पण उत्तर इंग्रजीतच. चौथऱ्यावरची अक्षरं वाचून ती म्हणाली, "आजी, देअर आर डेड पीपल अंडर अस."

ते फ्रेंच लोकांचं जुनं कबरस्तान होतं! वेगवेगळे दगड कधीच गेलेले, सगळ्यांची नावं एकाच चौथऱ्यावर. आपल्याला थडगी दिसली तर कबरस्तान कळतं. नुसत्या गवतावरून कसं कळणार?

काकूंच्या हातातला ठेपला तसाच राहिला. त्यांनी सतरंजी गुंडाळली आणि तडक गाडीकडे निघाल्या. घरी पोचल्यावर काकू दारात आडव्या उभ्या राहिल्या. "आंघोळ केल्याशिवाय कुणी कशाला शिवायचं नाही!"

माणसं पाच, बाथरूम एक. तिसऱ्या आंघोळीला गरम पाणी संपलं. वैशालीताई शेवटची, तिने बर्फासारख्या पाण्याने केली. काका मात्र सोफ्यावर जाऊन बसले होते.

"अहो, उठा! आंघोळ?"

"मला काय घाई आहे?" काका म्हणाले. "मी त्यांच्याकडे जागा बघून आलोय."

 काकू आत गेल्या आणि त्या दिवशी जेवल्या नाहीत.

*

पुढे डोंगरउतारावर एक मेंढ्यांचं फार्म आहे. फाटकावर फ्रेंच आडनाव. काकांनी मला गाडी थांबवायला लावली. फार्मवाला गंबूट घालून कुंपण दुरुस्त करत होता. काकांनी फ्रेंचमध्ये नमस्कार केला.

"नोप, मेट," तो म्हणाला. "पणज्याच्या पणज्याला येत असेल. आम्ही मेंढ्यांशी इंग्रजीतच बोलतो."

मग काकांनी त्याचं आडनाव उच्चारलं. फ्रेंच पद्धतीने, शेवटचं अक्षर गिळून. आम्ही पाटी वाचली होती तसं अजिबात नाही. फार्मवाल्याच्या हातातली पक्कड थांबली.

"से दॅट अगेन?"

काकांनी पुन्हा म्हटलं. त्याने बायकोला हाक मारून बाहेर बोलावलं आणि काकांना तिसऱ्यांदा म्हणायला लावलं. दोघं कुंपणापाशी उभी राहून स्वतःचंच आडनाव ऐकत होती. निघताना त्यांनी आम्हाला डझनभर अंडी दिली.

मी म्हटलं, "काका, बघा! बरोबर आलं ना?"

"त्याला तरी बरोबर काय ते कुठे माहीत आहे?" काका म्हणाले, आणि अंडी मांडीवर धरून खिडकीबाहेर बघत बसले.

*

क्रूझचं मोठं जहाज आलं की आकारोआत जत्रा भरते. अशा एका शनिवारी काका सकाळपासून धक्क्यावरच्या बाकावर बसले. बोटीतून माणसं उतरायची, काका कान देऊन ऐकायचे. ऑस्ट्रेलियन, ऑस्ट्रेलियन, चिनी, पुन्हा ऑस्ट्रेलियन.

दुपारी एक म्हातारी बाई नवऱ्याशी फ्रेंचमध्ये बोलत आली. काका उठले, कोटाचं बटण लावलं, पुढे गेले आणि बोलले. बाई खूश झाली! हात हलवून भराभरा बोलायला लागली. काका आधी हसत होते. मग नुसतीच मान हलवत होते. मग मान हलवणंही थांबलं. बाई त्यांचा हात दाबून निघून गेली.

"एक शब्द कळला नाही," काका म्हणाले. "एकसुद्धा."

वैशालीताईने मागे धावत जाऊन विचारून आणलं. "काका, ती कॅनडाची होती! त्यांचं फ्रेंच निराळंच असतं म्हणे."

"हो का," काका म्हणाले. पण त्यांचा विश्वास बसला नाही. त्यानंतर चार शनिवार ते आलेच नाहीत. फ्रेंचची वह्या-पुस्तकं बांधून त्यांनी माझ्या खोलीत आणून ठेवली. "तुझ्याकडे जागा आहे," एवढंच म्हणाले.

*

आणि हा शेवटचा. हा मी फारसा कुणाला सांगत नाही.

हिवाळ्यात काकांची तब्येत खूप उतरली. एका शनिवारी सकाळी स्वतःच म्हणाले, "जाऊन येऊ." काकूंचे गुडघे धरले होते, वैशालीताईची ड्यूटी होती. आम्ही दोघंच गेलो. गावात पोचल्यावर ते गाडीतून उतरलेसुद्धा नाहीत. काचेतूनच पाणी बघितलं आणि म्हणाले, "चल."

परतताना घाटमाथ्यावर ढग उतरला होता. रस्त्याकडेला पाठीवर सॅक घेतलेला एक मुलगा अंगठा दाखवत भिजत उभा. मी अशी कुणाला लिफ्ट देत नाही, अनोळखी माणसाशी बोलायचं म्हटलं की मला घाम फुटतो. काका म्हणाले, "थांबव."

मुलगा मागे बसला. एअरपोर्टला जायचं होतं. फळबागेत काम करायला आलेला, आता ताबडतोब घरी निघालेला. घर कुठे? "फ्रान्स. लहान गाव आहे, तुम्ही ऐकलं नसेल."

मी काकांकडे बघितलं. काका समोर बघत होते.

घाट उतरल्यावर त्याच्या फोनला रेंज आली. त्याने पुढे वाकून विचारलं, आईला फोन केला तर चालेल का? मग जरा थांबून म्हणाला, "तुम्हाला फ्रेंच येतं का?"

मी तोंड उघडणार, तेवढ्यात काका म्हणाले, "नो. नॉट अ वर्ड."

मुलगा फोनवर बोलायला लागला. आधी हळू, मग मोकळेपणाने. मला 'पापा' सोडून काही कळत नव्हतं. मध्येच तो हसला, मध्येच हुंदके देऊन रडला, मग पुन्हा बोलत राहिला. अर्धा-पाऊण तास. काका हात मांडीवर ठेवून बसले होते. एकदा त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मान मागे वळवली नाही.

एअरपोर्टला मुलगा उतरला. "थँक यू, सर," म्हणाला. काकांनी काच खाली करून त्याचा हात हातात घेतला आणि म्हणाले, "सेफ फ्लाइट."

तो आत जाईपर्यंत आम्ही थांबलो. मागच्या गाडीने हॉर्न दिला तेव्हा मी गाडी काढली. मला राहवलं नाही. म्हटलं, "काका, कळलं का काही?"

"सगळं," काका म्हणाले. "एक शब्द अडला नाही."