तेवढंच खोटं

आई सानपाड्यात चार घरी स्वयंपाक करायची, तेव्हा कुठे माझी फी भरली जायची. आमच्या घरातली पहिली ग्रॅज्युएट मी. आईची कामं सुटावीत म्हणून मी आंबवलेल्या चहाच्या बाटल्या विकायचं ठरवलं. पण प्रत्येक खेप फार आंबट व्हायची. जुन्या फ्रीजला लावलेला तापमानाचा कंट्रोलर चुकतोय असं वाटलं, म्हणून तो बदलायला वाशीच्या दुकानात गेले.

तिथे घरी वाइन करणाऱ्या एक काकू होत्या. मेंदीने लाल झालेले केस, काखेत हेल्मेट. माझं ऐकून त्यांनी शेजारच्या रसवाल्याकडून ग्लासभर बर्फाचा चुरा आणला, त्यात थोडं पाणी ओतलं आणि माझ्या कंट्रोलरची वायर बुडवून शांतपणे ढवळत राहिल्या. शून्य दिसायला हवं तिथे उणे तीन आलं. वायर पुसून पुन्हा बुडवली, पुन्हा उणे तीन. दुकानातल्या नव्या कंट्रोलरने मात्र आधी एक दाखवलं, मग उणे दोन.

"काकू, धंदा बुडवाल माझा!" दुकानदार ओरडला.

त्यांनी माझाच कंट्रोलर माझ्या हातात ठेवला. "सगळेच खोटं बोलतात गं. पण तुझा दर वेळी तेवढंच बोलतो. यालाच सांभाळ. हा तीन अंश कमी दाखवतो, म्हणून चहा जास्त उबेत राहून आंबतो; तू तीन अंश कमी लाव."

चुकणाऱ्या वस्तूवरही असा भरवसा टाकता येतो, हे मी पहिल्यांदाच पाहत होते. नाव विचारेपर्यंत त्या हेल्मेट चढवून गेल्यासुद्धा.

पुढची खेप जमली. आज वाशीतले दोन कॅफे आमचा चहा घेतात आणि आई कुणाच्या घरी कामाला जात नाही.