पऱ्ह्यांची रात्रपाळी

धानाच्या कोवळ्या रोपांवर मी सहा दिवस सक्तीची रात्रपाळी लादली, तीही भर दिवसा.

हे मी गमतीने सांगत नाही. विषय गंभीर आहे. मी कामगारांच्या हक्कांची पत्रकं लिहितो, वाटतो, आणि कोणी घेतली नाहीत तर मोठ्याने वाचून दाखवतो. राइस मिलमधल्या पाळ्यांवर माझी तीन पत्रकं आहेत. (वाचक दोन : मी आणि झेरॉक्सवाला.)

त्या पावसाळ्यात माय आजारी मावशीकडे सौंदडला निघाली. जाताना तिने पऱ्हे, म्हणजे रोवणीसाठी टाकलेली रोपं, माझ्या ताब्यात दिली.

"सोमवारी रोवणीच्या बाया येऊन राहिल्या. पऱ्हे गेले त वर्साचा भात गेला. तू फक्त पानी पाहजो. डोकं लावू नोको."

डोकं लावू नको? ही कामगाराचा अपमान करणारी भाषा आहे! मी डोकं लावलं.

बहीण सुजाता गोंदियाला बी.एस्सी. करते. घरी राहिलेल्या तिच्या वहीत सापडलं की पान आपलं अन्न दोन टप्प्यांत बनवतं. पहिल्यात ते ऊन पकडतं, पाणी फोडतं, प्राणवायू सोडतं. दुसऱ्यात हवेतल्या कार्बन डायऑक्साइडपासून साखर करतं, आणि या टप्प्याला थेट उजेड लागत नाही. पुढचं पान मी उलटलं नाही. (पत्रकवाल्याला एक पान पुरतं.) निष्कर्ष उघड होता. पहिला टप्पा दिवसपाळी, दुसरा रात्रपाळी! पऱ्हे वीतभरही नव्हते आणि सोमवार तोंडावर. रात्रपाळी वाढवणं भाग होतं. दुपारी बाराला मी पऱ्ह्यांवर काळी ताडपत्री ओढली आणि कडेने दगड ठेवले.

शेजारच्या बांधावर हेमराजकाका थांबले. "काऊन गा, पऱ्ह्यांले थंडी वाजून राहिली का?"

"काका, दुसरा टप्पा सुरू आहे."

"मुर्दा झाकल्यावानी दिसते गा!"

मी त्यांना पत्रक दिलं. त्यांनी ते न वाचता घडी करून खिशात घातलं. अशाने समाज बदलत नाही!

दोन दिवसांनी ताडपत्री उचलली, तर पऱ्हे बोटभर वाढलेले! उत्पादन वाढलं होतं. मग मी ताडपत्री पुन्हा ओढली आणि दिवसपाळी कायमची रद्द केली.

रविवारी सुजाता आली आणि तिने ताडपत्री ओढली. आत लांबच लांब, पिवळीफट्ट, मान टाकलेली रोपं.

"दादा, हे काय करून ठेवलं?"

"उंची बघ की!"

"उजेड शोधत वाढले ते, उपाशीपोटी. दुसरा टप्पा कशावर चालते, वाचलं का?"

"अंधारावर."

"पहिल्या टप्प्यात उन्हातून जी ताकद भरते ना, तिच्यावर! दोन्ही टप्पे दिवसाच चालतात, एकाला लागून एक. मिलमध्ये धानच नाही आला, त तांदूळ कायचा काढशील?"

मिलचं उदाहरण, आणि तेही मला!

संध्याकाळी माय आली. तिने एक रोप उपटून बोटावर धरलं. ते बोटावरून खाली लोंबलं. ती पाय धुवायलाही न थांबता हेमराजकाकांच्या दारात गेली. मी मागे.

काकांनी सगळं ऐकून घेतलं. "ने बाई, माह्यावाले उरतेत. पण याले सांग, माह्या धानाच्या बांदीत टप्पे नोको करू."

सोमवारी काकांच्या हिरव्यागार पऱ्ह्यांनी आमची रोवणी झाली. रोपांच्या पेंढ्या वाहायला मी, चिखलात वाकायलाही मीच. बायांना सगळं कळलं होतं. एक म्हणे, "भाऊ, उन्हात राय, पिवळा पडशील!"

दुपारी पाठ मोडली, तेव्हा मी विश्रांतीच्या हक्काचा मुद्दा मांडला. मायने धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, पडलेल्या काळ्या ताडपत्रीकडे बोट केलं.

"जा. तुहा दुसरा टप्पा तिथं आहे."

तत्त्वाचा प्रश्न होता, म्हणून मी आत शिरलो. पाच मिनिटांत घामाने निथळत बाहेर आलो. साखर काही तयार झाली नव्हती.