चांदणीच्या तबेल्याचं दार

डिसेंबरात नंदुरबारला उतरलो तो शिंकतच. मोकळ्या रानात जिकडेतिकडे लाल मिरच्या वाळत घातलेल्या. घोड्यांच्या श्वासनलिकांवर संशोधन करणाऱ्या माणसाचं नाक पहिल्याच दिवशी हरलं, याचं रिक्षावाल्याला भारी हसू आलं.

प्रकाशा गावाजवळ तापी ओलांडून लोणखेड्याला पोचलो. तिथे हमीदचाचांची चांदणी होती, वरातीत नवरदेव मिरवणारी पांढरी घोडी. दोन वर्षं खोकत होती. श्वास सोडताना तिचं पोट खपाटीला जाई. थंडी बाधू नये म्हणून चाचा सांजेला तबेल्याचं दार लावून घेत आणि नजर लागू नये म्हणून आत लोबान जाळीत. शेजारीच कोरड्या भुशाचा ढीग. हा घोड्यांचा दमा, आणि तो या धुराधुळीनंच वाढतोय, हे मला पाहताक्षणी कळलं.

पण आमच्या अभ्यासाची रीत अशी, की दोन महिन्यांच्या अंतरानं दोन नमुने घ्यायचे आणि मधल्या काळात जनावराच्या राहणीत फरक करायचा नाही. नाकातून नळी घालून श्वासनलिकेतल्या स्रावाचा पहिला नमुना घेतला आणि म्हणालो, "मी परत येईपर्यंत काही बदलू नका."

"जसं शे तसंच ठेवसू," चाचा म्हणाले. "पन तुमी तिले बरी करशात ना?"

मी मान डोलावली. चाचींनी झणझणीत शेवभाजी आणि कळण्याची भाकरी (ज्वारी-उडदाची) वाढली. डोळ्यांतून पाणी येईस्तोवर जेवलो.

फेब्रुवारीत गेलो तेव्हा तबेला झाडलेला, रिकामा.

"परवा गई," चाचा म्हणाले. "दम लागना तो उतरनाच नही. एक बी सांज लोबान चुकना नही, डाक्टर. तुमी सांगं व्हतं ना."

धूर, धूळ, कोंडलेली हवा, मी सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं.

"दार उघडं ऱ्हातं तं वाचती का ती?"

"बहुतेक वाचली असती. चूक तुमची नाही, चाचा. मला तेव्हाच ठाऊक होतं."

ते उठले आणि रिकाम्या तबेल्याचं दार सताड उघडून आले. मला रडू आवरेना.

परतीच्या गाडीत चांदणीचा कागद काढला. दुसऱ्या नमुन्याची जागा कोरी होती. हल्ली कुठल्याही तबेल्यात शिरलो की आधी दार उघडतो, भुसा भिजवायला लावतो आणि मगच पिशवीतून नळी काढतो. त्यानं माझा अभ्यास बिघडतो, असं सहकारी म्हणतात. बिघडू दे.